टॅब आत्ता घेऊ की मार्चपर्यंत थांबू? (दहावीच्या गणितासाठी)

गणिताच्या_बाई (नौपाडा, ठाणे) | २ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. मी घरीच दहावीच्या गणिताचे वर्ग घेते. संध्याकाळी हॉलमध्ये १४ मुलं आणि रात्री साडेआठला ऑनलाइन उजळणी, कारण कळवा-घोडबंदरच्या पोरांना तासाभरासाठी पुन्हा नौपाड्यात बोलावणं बरं दिसत नाही. ऑनलाइनला मी टॅबवर पेनाने लिहिते आणि तास संपला की त्याच पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकते.

तो टॅब आता म्हातारा झालाय. चार्जिंगचं भोक ढिलं पडलंय, वायरीखाली वाण्याच्या बिलाची घडी सरकवली तरच चार्ज होतो. परवा स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय सिद्ध करत होते. 'म्हणून हा कोन काटकोन' म्हणायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ पडली. पोरं म्हणाली, बाई, सिद्धता राहिली.

गोखले रोडवर दहाव्या पिढीचा आयपॅड बघून आले. ६४ जीबी, किंमत ३४,९००, पेन वेगळं ७,९००. भाचा म्हणतो, "मावशी, हे ऑक्टोबर २०२२ चं मॉडेल आहे, नवं येतंय, थांब." इकडे बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होते. बीजगणित ५ मार्चला, भूमिती ७ मार्चला. काय करू?

खाडीपलीकडे (ऐरोली)

थांबा. भाचा शहाणा आहे. या आयपॅडमधली ए१४ चिप २०२० च्या आयफोन १२ मधली. म्हणजे २०२५ मध्ये तुम्ही नव्या किमतीत साडेचार वर्षांपूर्वीचं डोकं विकत घेणार. शिवाय ६४ जीबी. त्यात मेमरी कार्ड घालता येत नाही, त्यामुळे भरलं की भरलं. नव्यात ए१७ प्रो येतेय आणि ॲपलची एआय पण चालणार, अशा बातम्या आहेत.

राममारुतीकर

@खाडीपलीकडे, बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! अजून कंपनीने तोंड उघडलेलं नाही आणि तुम्ही चिपचा नंबरसुद्धा सांगून मोकळे. बाईंना वर्तुळ काढायचंय, चांद्रयान उडवायचं नाही. साडेआठला वर्ग आहे, आज आहे आणि उद्याही आहे. घ्या बाई.

नेरूळचे_काका

मी एकदा घाई केली आणि हात पोळले, म्हणून लिहितो. २०१२ च्या मार्चमध्ये तिसरा आयपॅड जाहीर झाला, मी लगेच मागवला. त्याच ऑक्टोबरात चौथा आला! सात महिने फक्त. वर वायरीचं भोकही बदललं, ३० पिनांचं जाऊन लाइटनिंग. त्या रुंद चपट्या वायरी अजून माझ्या कपाटात आहेत. बायको दर दिवाळीला त्या बाहेर काढते आणि मी परत आत ठेवतो.

राममारुतीकर

काका, २०२३ मध्ये जे थांबले त्यांचं काय झालं तेही सांगा की! त्या अख्ख्या वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही. २०१० पासून असं पहिल्यांदाच घडलं. जानेवारीत 'थांबू या' म्हणणारा माणूस डिसेंबरातही थांबलेलाच होता.

खाडीपलीकडे

आणि त्याच माणसाला मे २०२४ मध्ये हाच आयपॅड ३४,९०० ला मिळाला. आला तेव्हा ४४,९०० चा होता. दहा हजार वाचले त्याचे, ते नाही सांगितलंत.

राममारुतीकर

सव्वा वर्षाहून जास्त थांबून दहा हजार. बाईंची दहावीची दोन वर्षं तेवढ्यात पास होऊन गेली असती.

पामबीच_पंख्याखाली (सीवूड्स)

तुम्ही दोघं आयपॅडच्या पुढे जाणार आहात का? सॅमसंगचा टॅब एस९ एफई बघा बाई. पेन डब्यातच येतं आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही. १२८ जीबी आणि वर कार्ड घालायची सोय. इकडे ७,९०० चं पेन. नाकापेक्षा मोती जड! आणि त्या स्वस्त आयपॅडची काच वेगळी बसवलेली असते, टोक टेकतं आणि शाई किंचित खाली उमटल्यासारखी वाटते. दुकानात एक लांब भागाकार करून बघा, माझं म्हणणं पटेल.

गणिताच्या_बाई

@पामबीच, दुकानात मी वर्गसमीकरणच सोडवून बघितलं. सेल्समन बघत बसला होता, शेवटी म्हणाला, "मॅडम, आमच्या मुलीला शिकवाल का?" काचेचं तुम्ही म्हणता ते जाणवतं, पण दोन ओळींनंतर हाताला सवय होते. सॅमसंग चांगला आहे, मान्य. पण माझ्या सगळ्या वह्या ज्या ॲपमध्ये आहेत ते मी आयपॅडवरच शिकले (टॅब भावाचा जुना आयपॅडच आहे), आणि परीक्षेच्या तोंडावर नवं ॲप शिकायला माझ्याकडे वेळ नाही.

फुकटचा_सल्ला

काहीच घेऊ नका. मोबाइल स्टँडला उलटा टांगा, खाली वही ठेवा, कॅमेरा चालू करा. खर्च २५० रुपये. आमच्या मातोश्री असंच संस्कृत शिकवतात.

गणिताच्या_बाई

करून झालंय. मनगटाची सावली नेमकी आकृतीवर पडते, पंखा लावला की पान उडतं, बंद केला की मी उकडून निघते. आणि पीडीएफ कुठून देऊ? पानापानाचे फोटो काढत रात्रीचे अकरा वाजतात.

नेरूळचे_काका

मग बाई माझं मत बदलतो. माझा आयपॅड हौसेचा होता, तुमचा पोटापाण्याचा आहे.

खाडीपलीकडे

काका फितूर झाले. मी मात्र तिथेच आहे. महिनाभर कुणाकडून उसना घ्या. एखाद्या पालकाकडे पडून असेल की.

गणिताच्या_बाई | ९ फेब्रुवारी

काल घेतला. पालकांकडे मागायचा विचार केला होता, पण ज्या घरातून फी घेते त्या घरचा टॅब वापरणं मनाला पटेना. १०व्या पिढीचाच, ६४ जीबी. कार्डाची सवलत मिळाली. दुकानदाराने बजावलं, "सील फोडलं की परत नाही हं." फोडलं. राहिलेली सिद्धता रात्रीच पूर्ण केली.

खाडीपलीकडे | ५ मार्च

बाई, काल संध्याकाळी काय झालं बघितलंत का? ११वा आयपॅड जाहीर. सुरुवातच १२८ जीबीपासून आणि किंमत तीच, ३४,९००. तेवढ्याच पैशात दुप्पट जागा. एक महिना थांबायला सांगत होतो. एक!

राममारुतीकर

आणि ती ए१७ प्रो? आली ए१६. ॲपलची एआयही नाही. चिपचा नंबर चुकला साहेब.

खाडीपलीकडे

चिप चुकली, कबूल. दुप्पट जागा चुकली का? बाईंनी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली की ६४ किती दिवस पुरणार ते बघाच.

पामबीच_पंख्याखाली

कार्ड घालायची सोय असती तर हा वादच झाला नसता. जाता जाता सांगितलं.

गणिताच्या_बाई | ५ मार्च, रात्री

आज बीजगणिताचा पेपर झाला. मुलं थेट परीक्षेहून घरी आली, म्हणून आत्ता वेळ मिळाला.

@खाडीपलीकडे, जागेबद्दल तुम्ही बरोबर आणि मला ते बोचतंय. खोटं कशाला बोलू? तास रेकॉर्ड करते, एका तासाला जवळजवळ सव्वा जीबी जातो. फेब्रुवारीचे सगळे तास ठेवले होते, आता ११ जीबी उरलेत. काल बातमी वाचून मी नवऱ्याला न सांगता टीव्हीचा आवाज वाढवला.

पण तारखा बघा. नवा जाहीर झाला ४ मार्चला रात्री. हातात मिळणार १२ मार्चपासून. बीजगणित ५ ला, भूमिती ७ ला. तुमचं ऐकून थांबले असते तर १२ तारखेला १२८ जीबीचा कोरा करकरीत आयपॅड हातात आणि शिकवायला समोर कुणी नाही. वरातीमागून घोडं.

खाडीपलीकडे

जूनमध्ये पुढची बॅच येईलच की. टॅब काय एका महिन्यासाठी घेतात? चार वर्षं वापरणार तुम्ही. २५ दिवसांच्या सोयीसाठी चार वर्षं रेकॉर्डिंग पुसत बसणार, हा हिशोब मला तरी जमत नाही. आणि तुम्ही गणिताच्या बाई!

राममारुतीकर

ते २५ दिवस वर्षातले कुठले २५ दिवस होते, तेही हिशोबात धरा.

नेरूळचे_काका

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून घ्या बाई. यूएसबी-सीचं भोक आहे, साधी हार्ड डिस्क जोडली तरी फाइल्स ॲपमधून थेट जातात. मी नातवाकडून शिकलो. (त्या जुन्या वायरींचा इथेही उपयोग नाही, विचारू नका.)

गणिताच्या_बाई

काका, हे माहीत नव्हतं! उद्या करते.

फुकटचा_सल्ला

बाई, ६४ वाला विकायचा विचार असेल तर सांगा. वडिलांना पोथी मोठ्या अक्षरात वाचायची आहे, त्यांना ६४ रग्गड झाले. ठाण्यातच आहे, तलावपाळीला भेटू.

गणिताच्या_बाई

७ तारखेच्या आधी हा विषय काढू नका. आत्ता थेल्सचं प्रमेय चाललंय, सहा जण ऑनलाइन आहेत.