घाटात ब्रेक पार तळाला गेला आणि तासाभरानं परत ओके! मास्टर सिलिंडर बदलू का?

रंकाळाकाठी
मंडळी जरा अर्जंट आहे. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किमी झालेत, मी सेकंड ओनर. रविवारी कोल्हापूरहून रत्नागिरीला चाललेलो, आम्ही चौघं आणि डिकीत आंब्यासाठी रिकाम्या पेट्या. आंबा घाट अर्धा उतरलो आणि पेडल मऊ लागायला लागलं, मला वाटलं मलाच भास होतोय, आणि पुढच्या वळणाच्या आधी पाय थेट तळाला! भराभर चार-पाच वेळा पंप केलं तेव्हा थोडा ब्रेक लागला, तिसऱ्यावरून दुसरा टाकला, हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला घेतली. आई मागनं म्हणते, "चहाला थांबलास व्हय?" तिला अजून सांगितलेलं नाही.

तासभर थांबलो तर पेडल परत कडक. साखरप्यात एका फिटरनं न बघताच सांगितलं मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो पंप) गेला, नवीन टाका. तिथनंच गपगुमान माघारी आलो. ब्रेक ऑइलची लेव्हल बरोबर आहे, गळती कुठं दिसत नाही, गावात ब्रेक एकदम झकास लागतोय. काय करू?

जुना_फिटर
सिलिंडरला हात लावू नका अजून. आधी तीन गोष्टी सांगा. उतरताना गिअर कुठला होता? ब्रेक ऑइल कधी बदललंय? जळका वास आला का?

रंकाळाकाठी
गिअर तिसरा, मध्ये मध्ये चौथापण (शिव्या घाला), पाय ब्रेकवर जवळजवळ कायम. ऑइल मी २०१९ ला गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही, टॉपअप तेवढं झालंय. वास आला होता, डावीकडनं, मला वाटलं पुढच्या ट्रकचा.

हायवेचा_राजा
गरम झालं असेल हो, ट्रकवाले करतात तसं बाटलीभर पाणी मारायचं डिस्कवर, पाच मिनिटांत गार

जुना_फिटर
राजे, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकडी होते नाहीतर तडकते, मग आयुष्यभर पेडल थरथरतंय म्हणून धागा काढाल.

रंकाळाकाठी, तुमचं ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं डॉट ३ ग्रेडचं ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत टिकतं, तेच पाणी धरलं की १४० च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, तुमचा पाय ती वाफ दाबण्यातच खर्ची पडला. गार झालं, वाफ जिरली, पेडल परत कडक.

सिलिंडरची शंका असेल तर घरीच बघा. सपाट जागी इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं दाबून धरा. मिनिटभरात ते आपोआप खाली खाली बसत गेलं आणि बाहेर गळती नाही, तर आतलं सील गेलंय. जागचं हललं नाही तर सिलिंडरवर एवढ्यात पैसे घालू नका.

पण तो डावीकडचा वास मला खटकतोय. एकटं ऑइल असतं तर दोन्ही बाजूंनी आला असता.

निपाणीची_आक्का
माझ्या गाडीचं उलटं झालेलं, पेडल दगडासारखं कडक आणि ब्रेक लागेना. बूस्टरला (पायाचा जोर वाढवतो तो डबा) जाणारा व्हॅक्यूमचा पाइप चिरला होता. इंजिन बंद करून पेडल कडक होईस्तोवर दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. तुमचा तो प्रकार नाही म्हणा, पण दोन मिनिटांचं काम आहे, करून घ्या.

रंकाळाकाठी
दोन्ही केलं. पेडल मिनिटभर जागचं हललं नाही, बूस्टरपण ठीक. मग ब्रेक न मारता सावकाश दहा किमी फिरवून चाकांजवळ हात नेला, पुढचं डावं चाक तव्यासारखं!

जुना_फिटर
सापडलं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती जाम असणार. चाक काढायला लावा आणि आतला-बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा.

रंकाळाकाठी
अपडेट देतो. चाक उचललं तर हातानं फिरता फिरेना. पिनचं रबर फाटलेलं, आत गंज. बाहेरचा पॅड जाडजूड आणि आतला पार पत्र्याला टेकत आलेला, म्हणजे मी पाय उचलला तरी तो डिस्कला घासतच होता. पिना साफ करून ग्रीस, नवी रबरं, पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, सगळं ऑइल काढून डॉट ४ भरलं आणि चारी चाकांच्या ब्रेक पाइपातली हवा काढली. जुनं ऑइल बाटलीत बघितलं, कोऱ्या चहासारखं. सिलिंडर जुनाच आहे.

काल पन्हाळ्यावर जाऊन आलो, उतरताना पेडल शेवटपर्यंत कडक. शनिवारी परत आंबा घाट, पेट्या रिकाम्याच राहिल्यात.

जुना_फिटर
दुसरा गिअर. मागचे हॉर्न मारू देत.

निपाणीची_आक्का
आणि आईला सांगा आता

रंकाळाकाठी
आंबे घरी आल्यावर 😅