कोविड लसीच्या पहिल्या डोसची तीव्र ॲलर्जी, दुसरा घेता येत नाही. बोस्टन मॅरेथॉनला जाता येईल का? (फेब्रुवारी 2022)

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीची, वय 46. येत्या 18 एप्रिल 2022 ला बोस्टन मॅरेथॉन आहे आणि माझी एंट्री पक्की झाली आहे. माझ्या वयोगटातल्या बायकांना 2022 च्या शर्यतीसाठी 3 तास 50 मिनिटांची पात्रता वेळ होती. जानेवारी 2020 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ती साधली. व्हिसा जुनाच, अजून चालू आहे. अडलंय ते लसीपाशी.

गेल्या वर्षी कोविशील्डचा पहिला डोस घेतला आणि निरीक्षण कक्षात बसले असतानाच ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडायला लागला. तिथल्या सिस्टरने वेळ न घालवता मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून निभावलं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी दुसरा डोस घ्यायचा नाही असं लेखी दिलंय. माझा लसीला विरोध नाही. घरच्या सगळ्यांचे दोन्ही डोस मीच पाठीस लागून पूर्ण करून घेतले. हजारो माणसं बसमध्ये आणि स्टार्टला खेटून उभी राहणार, तिथे आयोजकांनी लस मागणं मला योग्यच वाटतं. फक्त माझ्यासारख्यांना वाट आहे की नाही, एवढं कळायला हवं.

आपल्याकडे ती आहे. 27 नोव्हेंबर 2021 च्या राज्य सरकारच्या आदेशात, वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलेल्या माणसालाही ‘पूर्ण लसीकरण झालेला’ धरलंय. पण कोविनवर अशा सूटचं प्रमाणपत्र निघत नाही. माझ्या सर्टिफिकेटवर एकच डोस दिसतो आणि परदेशात तेच आधी बघणार.

बोस्टनच्या आयोजकांनी ऑक्टोबर 2021 च्या शर्यतीत निगेटिव्ह टेस्ट चालवून घेतली होती. यंदा, 2022 ला, पूर्ण लसीकरण किंवा मान्य झालेली वैद्यकीय सूट, एवढंच. समजा त्यांनी सूट दिली, तरी अमेरिकेत शिरायला ती पुरेल का? टेनिसपटू जोकोविचचं गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियात काय झालं ते पाहिलंच आपण: स्पर्धेने आणि व्हिक्टोरिया राज्याच्या तज्ज्ञांनी सूट दिली, केंद्र सरकारने व्हिसा रद्द केला. सूट मागायचं त्याचं कारण आधी होऊन गेलेला कोविड होतं, माझं वेगळं आहे. पण दारं दोन आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, हे तिथे दिसलं.

अजून एक. कोविशील्डमध्ये पॉलिसॉर्बेट 80 नावाचं एक रसायन असतं, कोव्हॅक्सिनमध्ये नाही. ॲलर्जी त्याचीच निघाली तर कोव्हॅक्सिन घेता येईल का? अमेरिका सध्या मिश्र डोस धरते, कारण दोन्ही लसी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत. पण आपल्याकडे सध्या दुसरा डोस त्याच लसीचा लागतो. यातून कोणी गेलंय का?

प्रतिसाद

ताई, वैद्यकीय सूट अमेरिकेच्या आताच्या (2022 च्या) नियमातही आहे, पण तिला अटी आहेत. पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-तारखेसह हवं. कोणत्या लसीचा काय त्रास झाला ते स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘अनफिट फॉर व्हॅक्सिन’ चालणार नाही. कागद आधी विमान कंपनी तपासते, म्हणून तिकीट काढण्याआधीच त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या. निघण्याआधी एका दिवसातली निगेटिव्ह टेस्ट सध्या सगळ्यांनाच लागते. तुम्हाला शिवाय पोचल्यावर 3 ते 5 दिवसांत पुन्हा टेस्ट, आणि ती निगेटिव्ह आली तरी पूर्ण सात दिवस विलगीकरण. म्हणजे 8 एप्रिलच्या आत पोचा. कोव्हॅक्सिनचं तुमच्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, शर्यतीच्या घाईने नको.

धागाकर्ती

मनापासून आभार. सात दिवसांचं मला माहीतच नव्हतं, रजा आता त्या हिशेबाने टाकते. कोव्हॅक्सिनचं तूर्तास बाजूला ठेवते. तो आठवडा टेपरचाच, म्हणजे शर्यतीआधी सराव उतरवण्याचाच आहे, पळणं तसंही कमी असतं. खोलीत जागच्या जागी व्यायाम करेन. बोस्टनकडच्या मराठी मंडळींना एक विचारते: आठवडाभर बाहेर न पडता राहायचं तर स्वतः स्वयंपाक करता येईल अशी, फार महाग नसलेली खोली कुठल्या भागात शोधू?