कॉप्टिक नक्षीपट्टी: हाड की हस्तिदंत?

प्रश्न: इजिप्तमधल्या लाकडी पेटीवरची म्हणून एक कोरीव पट्टी पाहायला मिळाली. नर्तकीची आकृती, रुंदी ४ सेंमी, मागची बाजू किंचित खोलगट. लेबलवर 'हस्तिदंत' लिहिलंय. खरं काय असावं?

काष्ठशिल्प: खोलगट पाठ म्हणजे बहुधा हाडच. गुरं किंवा उंटाच्या पायाचं नळीचं हाड उभं चिरलं की मज्जेच्या पोकळीचा खोलगट भाग मागे राहतो. रुंदीही तेवढीच मिळते. म्हणून मोठी आकृती बऱ्याचदा अनेक पट्ट्या शेजारी लावून केलेली असते. दहापट भिंगातून पाहा: काळसर ठिपके किंवा बारीक उभ्या रेषा दिसल्या तर त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात मात्र एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, डाग कायमचा राहतो.

जुनापुराणा: सहमत. अलेक्झांड्रियातल्या कोम अल-दिक्का उत्खननात हाडकामाचे अवशेष मिळालेत. आणि 'कॉप्टिक' (इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाशी जोडलेला शब्द) म्हणजे ख्रिस्ती विषयच, असं धरू नका. इ.स. तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या पट्ट्यांवर ग्रीक मद्यदेव डायोनायससचा परिवार, नर्तकी, जलपऱ्या भरपूर. काहींच्या खोदरेघांत रंगीत मेण भरलेलं असे, ते खाचांत तपासा.

काष्ठशिल्प: हो, म्हणूनच धुऊ नका! पाण्यात बुडवलं तर हाड फुगतं, वाळताना तडकतं, रंगही जातो. कोरडा मऊ ब्रश पुरे.