मुलांच्या कलेसाठी मॅरेथॉन धावून देणग्या मागाव्यात का?

धागाकर्ती
मुलांना चित्रकला, गाणं, नाटक शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी मी दोन मॅरेथॉन धावले आणि ओळखीच्यांकडून देणग्या मागितल्या. परवा मैत्रीण म्हणाली, "पैसेच द्यायचे तर सरळ दे ना, त्यासाठी ४२.१९५ किलोमीटर कशाला पळायचं?" मला वाटतं, पळायलाच हवं. औषधपाण्यासाठी लोक लगेच खिशात हात घालतात. कलेचं नाव काढलं की "ती काय, हौस" म्हणून विषय संपतो. पण सहा महिने पहाटे उठून सराव करणारी बाई दिसली की विचारतात, "एवढं कशासाठी?" मग मला सांगता येतं, की वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलाने निळ्यात पिवळा कालवला, हिरवा झाला आणि तो ओरडला, "मी केला!" तुमचं मत काय?

प्रतिसाद १
असहमत. लोक पैसे तुम्हाला देतात, मुलांना नाही. तुम्ही थांबलात की तेही थांबणार. शिवाय मोठ्या स्पर्धांमध्ये संस्था आयोजकांकडून प्रवेशाच्या जागा विकत घेतात आणि धावपटूला किमान रक्कम जमवायची अट घालतात. लंडन मॅरेथॉनमध्ये ही पद्धत १९९३ पासून आहे. रक्कम जमलीच नाही, तर जागेचे पैसे रंग-कागदाच्या खर्चातूनच गेले ना?

प्रतिसाद २
"तुम्ही थांबलात की तेही थांबणार" हे पटत नाही. टेरी फॉक्स हा कॅनडातला तरुण देणग्या जमवायला १९८० मध्ये एका कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. कर्करोग उलटला म्हणून त्याला थांबावं लागलं, पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड आजही दरवर्षी होते. ऑलिव्होला आणि शाफिर या संशोधकांचा २०१३ चा अभ्यासही आहे: देणगीसाठी कष्ट, वेदना सोसाव्या लागणार असतील तर माणसं जास्त द्यायला तयार होतात.

प्रतिसाद १
टेरीला स्वतःलाच कर्करोग होता आणि तो कर्करोगाच्या संशोधनासाठीच धावला. मॅरेथॉनचा आणि मुलांच्या चित्रांचा काय संबंध? आणि त्या अभ्यासाचीच मला भीती वाटते. वेदनेवर पैसे मिळतात म्हटलं की उद्या ४२ किलोमीटर कमी वाटतील, परवा १००. गुडघे कोणाचे जातील?

प्रतिसाद ३
मी अशाच एका संस्थेचे हिशेब बघते. मोठं अनुदान बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पाला बांधलेलं असतं. कार्यशाळा घ्या, अहवाल द्या, फोटो पाठवा. त्यातून शिक्षिकेचं मानधन निघत नाही, फाटलेला तबला मढवून होत नाही. धावपटूंनी आणलेल्या पैशाला सहसा अशी अट नसते. आमचा शनिवारचा वर्ग त्याच पैशावर टिकला. किमान रकमेबद्दल मात्र प्रतिसाद १ शी सहमत. तो बोजा धावणाऱ्यावर टाकू नये.

धागाकर्ती
किमान रकमेचं मान्य. पहिल्या वर्षी त्या आकड्याने माझी झोप उडाली होती. या वेळी प्रवेश शुल्क मी स्वतः भरलंय आणि एकरकमी देणगीऐवजी दरमहा थोडे द्या, असं सगळ्यांना सांगतेय.

राहिला चित्रांशी संबंध. मी धावते हे वर्गात कळल्यावर एका मुलीने माझं चित्र काढलं. आठ पाय. मी विचारलं, एवढे कशाला? म्हणाली, "दोन दमले की बाकीचे आहेत." ते चित्र या वेळच्या शर्टावर छापून घेतलंय. तिसाव्या किलोमीटरनंतर मला ते लागणार आहे.