मदत हवी आहे: स्वतः बांधलेल्या घरातली दहा बाय दहाची गाण्याची खोली

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं सुट्टीचे दिवस आणि कामावरून आल्यानंतरचे तास असं जोडत जोडत मी आणि माझा मेव्हणा एक छोटं घर बांधतोय. छोटं म्हणजे खरंच छोटं. गवंडी फक्त चौकटी बसवायला आणि ओळंबा तपासायला यायचा, विटा आम्हीच रचल्या. (एका भिंतीला किंचित पोट आलंय. ते लपवायचं की मिरवायचं हे अजून ठरलेलं नाही.)

मागची खोली आम्ही वाजवण्यासाठी ठेवली आहे. १० फूट बाय १० फूट, उंची ९ फूट, वर स्लॅब, ३ बाय ४ ची एक खिडकी. आतलं प्लास्टर गेल्या महिन्यात झालं. दाराची चौकट आहे, दार तात्पुरतं म्हणून जुनं फ्लश डोअर अडकवलंय. मी तबला वाजवतो, बायको पेटीवर गाते, मुलगी गिटार शिकतेय. पुढेमागे घरच्या घरी रेकॉर्डिंग करावं असंही डोक्यात आहे. पलीकडची खोली आईची. ती नऊला झोपते आणि झोप अतिशय सावध. मधली भिंत साडेचार इंची आहे, बाकीच्या नऊ इंची.

आता रडगाणं. प्लास्टर झाल्यावर खोलीच्या बरोबर मधोमध सतरंजी टाकली आणि बसलो. तिरकिटाचे चारही बोल एकमेकांच्या अंगावर पडले. टाळी वाजवली तर टाळीऐवजी पत्र्यावर साखळी ओढल्यासारखा टर्रर्र आवाज येतो. आणि डग्ग्यावर घिस्सा देताना (मनगट कातड्यावर दाबत सरकवताना) मध्येच एका ठिकाणी अख्खी खोली गुरगुरते. त्याच्या खाली नाही, वर नाही, नेमकी तिथेच.

घाईघाईत एक इंच जाडीचा काळा फोम आणला. विकणाऱ्याने ‘साउंडप्रूफ होईल’ म्हणून छातीठोक सांगितलं. एक भिंत चिकटवून झाली. टर्रर्र थोडं कमी झालं, गुरगुर जशीच्या तशी, आणि आईला पहिल्याइतकंच ऐकू येतं. उरलेल्या तीन भिंतींना लावायच्या आधी म्हटलं इथे विचारावं. माझं नक्की काय चुकतंय? खोली चौरस झाली म्हणून हे होतंय का? रंगाच्या आधी काही तोडफोड करायची असेल तर अजून वेळ आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एक नव्हे, दोन दुखणी

अभिनंदन आधी. स्वतः विटा रचणाऱ्याला सगळं माफ.

तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच औषधाने बरी करायला निघालात. आवाज खोलीत घुमतो हे एक, आवाज भिंतीपलीकडे जातो हे दुसरं. घुमणं कमी करायला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. पलीकडे जाणं थांबवायला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. फोममधून फुंकर आरपार जाते, मग आवाज का अडेल?

घुमण्याचा हिशेब सोपा आहे. १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या कमीजास्त करत घुमण्याचा वेळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र अजून वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा गिळतो, त्याची बेरीज (सगळं मीटरमध्ये). तुमच्या खोलीचं घनफळ साधारण २५.५ घनमीटर. नुसत्या प्लास्टरच्या भिंती धरल्या तर आवाज विरायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात द्रुत लयीत किती बोल होतात ते तुम्हीच मोजा. एवढ्या खोलीत अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवं. त्यासाठी भिंती आणि छत मिळून ८० ते १०० चौरस फूट चांगलं शोषक पुरतं. सगळ्या भिंती मढवू नका, गाणं गुदमरतं.

शोषक म्हणजे रॉकवूल किंवा ग्लासवूलच्या (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या) ४ इंची पाट्या, लाकडी चौकटीत, वरून सुती कापड, आणि भिंतीपासून आणखी ३-४ इंच सोडून टांगलेल्या. मागची ती पोकळी फुकटात काम करते. कोपऱ्यांत जास्त जाड. पाट्या कापताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

अंड्यांचे ट्रे

अजून कुणी अंड्यांचे ट्रे लावायला सांगितलं नाही, हे या धाग्याचं भाग्य. मी लावले होते. फरक एवढाच पडला की आलेला प्रत्येक पाहुणा ऑम्लेटबद्दल विचारायचा.

भिंतीचं पोट मिरवा. समोरासमोरच्या दोन सपाट, समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खातो, तुमचं टर्रर्र म्हणजे तेच. भिंत किंचित वाकडी असेल तर टप्पे मोडतात. किंचित पोटाने मोठा फायदा नाही, पण गवंड्याला सांगायला कारण झालं.

तो फोम आधी उतरवा

थोडं गंभीर लिहितो. साधा पॉलियुरेथेन फोम ठिणगीने पेटतो आणि त्याचा धूर काही मिनिटांत माणसाला खाली पाडतो. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबच्या भिंतींना आवाजासाठी असाच फोम लावलेला होता. मंचावरच्या आतषबाजीने तो पेटला आणि १०० माणसं गेली. तुमच्याकडे आतषबाजी नसेल, पण स्विचबोर्ड आणि एक्स्टेंशन बोर्ड आहेतच. एक दार, एक खिडकी असलेल्या खोलीत हा धोका घेऊ नका. रॉकवूल पेटत नाही. त्यावरचं कापड मात्र स्विचबोर्डापासून लांब ठेवा.

गुरगुर: जागा बदलून बघा

खोली चौरस आहे हेच कारण. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १० फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची (सेकंदाला ५६ कंपनांची) लहर अडकून उभी राहते, आणि तिची दुप्पट, ११२ ची. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्ही दिशांच्या लहरी नेमक्या एकाच स्वरावर येतात. घिस्सा देताना डग्ग्याचा स्वर सरकत सरकत त्या ११२ वरून जातो आणि खोली ‘आलं माझं’ म्हणून उठते.

एक इंच फोम तिथे काही करत नाही, कारण ती लहरच १० फूट लांब आहे. पण गंमत बघा. या ११२ च्या लहरीचा दाब भिंतींशी आणि बरोबर मधोमध सगळ्यात जास्त असतो, आणि भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, जवळजवळ शून्य. तुम्ही सतरंजी टाकलीत कुठे? मधोमध! डग्गा लगतच्या दोन्ही भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर येईल असं बसा आणि तोच घिस्सा द्या. एक पैसा खर्च नाही.

अवांतर: तबल्याच्या शाईमुळे (मधल्या काळ्या गोलामुळे) त्याचे वरचे स्वर सुरेल पटीत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवलं. एवढं सुरेल वाद्य घुमणाऱ्या खोलीत वाजवणं म्हणजे पाप आहे.

दार!!

सगळे भिंतींच्या मागे लागलेत. मी सुतारकाम करतो, मला दार दिसतं.

तुमचं फ्लश डोअर आतून पोकळ असेल तर ते दार नाही, खोका आहे. भरीव घ्या. पण त्याहून महत्त्वाची खालची फट. ३ बाय ७ फुटांच्या दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या ०.६ टक्के जागा, वाटतं काहीच नाही. पण ३५ डेसिबल अडवू शकणारं दार एवढ्या फटीने २२ वर येतं. पूर्वी दाराला उंबरठा असायचा, आता ठेच लागते म्हणून कुणी करत नाही. तुम्ही करा. पाऊण इंचाचा पुरे, त्यावर दार टेकेल असा, आणि चौकटीला चारही बाजूंनी रबरी पट्टी. दार बंद करताना शेवटी थोडं दाबावं लागलं पाहिजे.

आधी एक करा. रात्री खोलीत लख्ख दिवा लावा, दार ओढून घ्या, घरातले बाकीचे सगळे दिवे मालवा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येणारच.

दोन्ही प्रयोग केले (धागालेखक)

मंडळी, काय सांगू!

आधी बैठक. कोपऱ्याकडे सरकून अडीच फुटांवर डग्गा ठेवला. गुरगुर गेली म्हणणार नाही, पण पाव राहिली. मेव्हणा दाराशी उभा होता, तो म्हणाला, ‘मघाशी पोटात वाजत होतं, आता कानात वाजतंय.’

मग उजेडाचा प्रयोग. दाराखालून अपेक्षेप्रमाणे पट्टा आला. पण खरा धक्का आईच्या खोलीत. तिच्या पलंगाच्या उशाशी स्विचबोर्ड आहे, आणि त्याच्या बटणांच्या कडेने चक्क उजेड येत होता! वायरिंग करताना पाइप वाचावा म्हणून दोन्ही खोल्यांचे बोर्ड आम्ही पाठीला पाठ लावून बसवले होते. साडेचार इंची भिंतीत दोन डबे, मध्ये वीट नाहीच. म्हणजे इतके दिवस आई माझा रियाझ स्विचबोर्डातून ऐकतेय.

फोम उतरवला. प्लास्टरचे पोपडे सोबत आले, ते माझं नशीब.

आता उपप्रश्न. मधली भिंत एवढ्यावर भागेल की आणखी काही करायला लागेल? आणि नव्या खोलीत ठेवल्यापासून तबला रोज उतरतोय, त्याचा कशाशी संबंध आहे का?

मधली भिंत

मेन स्विच बंद करून तुमच्या बाजूचा डबा दोन-तीन फूट सरकवा, जुनं भोक विटेचा तुकडा आणि मसाल्याने पूर्ण भरा, पाइपाची तोंडं सिलंटने बुजवा. मग आठवडाभर वाजवून बघा. कदाचित तेवढं पुरेल.

नाही पुरलं तर भिंतीसमोर दुसरी भिंत. जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारा चॅनेलचा सांगाडा, आत रॉकवूल, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर येऊ न देता. सहा इंच जागा जाईल. जागा वाचवायला बोर्ड अर्ध्या इंचाची पोकळी ठेवून भिंतीवर ठोकू नका. तेवढ्याशा हवेवर तो बोर्ड डग्ग्यासारखा वाजतो आणि खालचे स्वर पलीकडे जास्तच जातात. सहा इंचांनी खोलीचा चौरसही मोडेल, पण त्याचा फायदा किरकोळ.

तबला जमिनीवरून जातो तो वेगळाच. चुंबळीखाली जाड लाकडी फळी आणि फळीखाली दाट रबराचे तुकडे ठेवा. डग्ग्याचा धक्का फरशीत उतरत नाही.

तबला का उतरतो

प्लास्टर एक महिन्याचं आहे हो! भिंती अजून पाणी सोडताहेत. पुडी (तबल्याचं कातडं) ओलावा पिते, सैल पडते, सूर उतरतो. तुम्ही हातोडीने चढवत राहाल आणि कोरड्या दिवसांत तीच पुडी ताणून फाटेल. भिंती पुरत्या सुकेपर्यंत वाद्यं दुसऱ्या खोलीत न्या. छोटा आर्द्रतामापक घ्या, ४० ते ६० टक्क्यांत काटा राहिला की तबला, पेटी, गिटार तिन्ही सुखी. रॉकवूलच्या पाट्याही त्यानंतरच टांगा, नाहीतर मागे बुरशी धरेल.

आणि दार-खिडकी घट्ट करणार असाल तर हवेची सोय आधी करा. तीन माणसं आणि एक गायिका, अर्ध्या तासात जांभया सुरू होतील. भिंतीच्या वरच्या भागात एक लाकडी बोगदा काढा, आतून ग्लासवूल आणि कापड, दोन काटकोनी वळणं देऊन. हवा वळते, आवाज वळणावर बराचसा मुरतो. तोंडाशी सावकाश फिरणारा छोटा पंखा बसवा.

धागालेखक, दहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. डबा सरकवला, भोक भरलं. उंबरठा मेव्हण्याने केला आणि पहिली ठेच त्यालाच लागली. भरीव दार सुताराकडे आहे, तोवर जुन्यालाच रबरी पट्टी लावली. वाद्यं बैठकीच्या खोलीत हलवली, फक्त काल रात्री तपासणीपुरता तबला आत नेला. सकाळी आईला विचारलं, ऐकू आलं का? म्हणाली, ‘आलं, पण ताल कुठला ते कळलं नाही.’ तिला ताल कळतात, म्हणून हे प्रमाणपत्र मी मोठं मानतो. दुसरी भिंत सध्या रद्द.

आता फक्त खिडकी उरली. दिवसा तिचा उजेड हवा आहे, त्यामुळे विटांनी बुजवणार नाही. जाड लॅमिनेटेड काचेचं एक पक्कं तावदान आणि चार इंच सोडून आतून दुसरं, की रात्रीपुरती काढता-घालता येणारी जाड प्लायची झडप? कुणी झडप केली असेल तर तिचं वजन रोज उचलवतं का, तेवढं सांगा.