जुना कंदील आहे तसाच टांगायचा की घासूनपुसून त्यात बल्ब घालायचा?

सातारी_तर्री:
रविवारी पुण्यात जुन्या बाजारात गेलो होतो, गेलो होतो पान्यांचा सेट बघायला आणि घेऊन आलो कंदील. टाकीवर 'प्रभाकर' असा ठसा आहे, अर्धा गंजात गेलाय पण बोट फिरवलं की लागतो. चौदाशे सांगितले, हजारात दिला. बायको म्हणते काळा स्प्रे मार, आत पिवळा एलईडी घाल आणि हॉलमध्ये टांग, नाहीतर सरळ मॉलमधला पितळी घेऊ, अठ्ठावीसशेचा आहे पण चकचकीत तरी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जो पेटत नाही तो कंदीलच नव्हे, त्याला शोपीस म्हणा. घ्यायचाच तर वापरलेला घ्यावा. माझ्या कंदिलाची कडी जिथे अडकते तिथे पत्रा झिजून खाच पडलीय, कुणीतरी कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी खुंटीला लावत असणार. टोपीच्या आतल्या काजळीला अजून रॉकेलचा वास आहे. हे सगळं स्प्रेखाली गाडायचं? बोला.

ठाण्याचा_शेजारी:
दादा, घर आहे ते, म्युझियम नाही. जुन्या दिव्यांची हौस असेल तर पुण्यातच राहता ना, केळकर म्युझियममध्ये एकसे एक दिवे आहेत, तिकीट काढा आणि पोटभर बघून या. आम्ही मॉलमधलाच घेतलाय, मुरादाबादी पितळ, दुकानदाराने नवा आहे म्हणूनच विकला, त्यात फसवाफसवी काही नाही. तुमचा गंज खाली सोफ्यावर पडणार, लहान पोरं हात लावून तोंडात घालणार आणि जुन्या रंगात शिसं असतं हे वेगळंच. आणि पेटवणार कशावर? रेशनवरचं रॉकेल कधीच बंद झालं.

कराडकर_मूळचा:
'प्रभाकर'ला शोपीस म्हणणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळणार नाही 😀 कराडजवळच्या ओगलेवाडीचा माल आहे हा. ओगले बंधूंनी 1916 ला काचेचा कारखाना काढला, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांचं पाठबळ होतं, किर्लोस्करवाडीला होतं तसंच. पुढे कंदील काढला त्याला वडिलांचं नाव दिलं, प्रभाकर. त्या वेळी बाजारात अमेरिकन डीट्झ आणि जर्मन कंदील, त्यांच्यासमोर हा देशी उभा राहिला आणि घरोघर गेला. आता कारखाना नाही, गावाचं नाव तेवढं राहिलंय. तर्रीसाहेब, स्प्रे माराल तर तो ठसा बुजेल आणि मग तुमच्यात आणि मॉलमध्ये फरक काय राहिला? खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, गंज तिथेच थांबेल.

काळी_काच:
एवढं सगळं वाचून मला माझ्या आईची आठवण आली आणि जरा रागही आला, माफ करा.

आमच्या घरी 1986 पर्यंत वीज नव्हती. दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझं, कारण काचेत मोठ्या माणसाचा हात जात नाही, लहान पोराचाच जातो. चुलीतली राख, वर कागदाचा बोळा, मग फडकं. वातीचे कोपरे कात्रीने कापायचे, नाहीतर ज्योतीला शिंग फुटतं आणि पुसलेली काच अर्ध्या तासात काळी. एकदा पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला आणि काच तडकली, मी शेजारी बसले होते म्हणून मार मला बसला. काच विकत मिळायची ती तालुक्याला. तेव्हा त्या कडीच्या खाचेत तुम्हाला जे काही दिसतंय ना, ते मला दिसत नाही. आई त्याच उजेडात निवडणं-टिपणं करायची आणि चाळिशीच्या आधी तिला चष्मा लागला. आमच्या हॉलमध्ये ट्यूब आहे आणि ट्यूबच राहणार.

सातारी_तर्री:
ताई, पटलं. पण मग आमच्या पिढीने काय करायचं, भंगारात टाकायचे का? कुणाच्या कष्टाची वस्तू म्हणूनच रंगवू नये असं माझं म्हणणं आहे.

काळी_काच:
भंगारात टाका असं नाही म्हटलं. त्याला 'व्हिंटेज' म्हणू नका एवढंच.

दारूखाना_रिटर्न:
कष्ट बाजूला ठेवा, पैशाचं बोला. मी तीन वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानातून जहाजावरचा दिवा घेतला, साडेसहा हजार, अलंगला तोडलेल्या जहाजावरचा म्हणे. पितळी पट्टीवर 'पोर्ट' कोरलेलं, काच हिरवीगार. महिनाभर मिरवला. मग एक मर्चंट नेव्हीतला मित्र जेवायला आला, भिंतीकडे बघून हसायलाच लागला. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, तिथे दिवा लाल असतो, हिरवा उजवीकडचा. कारागिराने ज्या रंगाची काच हाताला लागली ती बसवली होती! नंतर लोहचुंबक लावून बघितलं, टच्चकन चिकटलं, म्हणजे लोखंडावर पितळेचं पाणी.

म्हणून सांगतो, खिशात लोहचुंबक ठेवाच. फक्त 'प्रभाकर'सारख्या पत्र्याच्या कंदिलाला ते चिकटणारच, त्यावरून नकली ठरवू नका. उलट बाजारात लखलखीत पितळी हरिकेन कंदील दिसला तर मी दोनदा विचार करेन, जुने बहुतेक पत्र्याचेच असायचे. रेल्वेच्या गार्डचे दिवे पण तसेच. जीआयपीचा, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, ठसा बघून उड्या मारू नका, जीआयपी 1951 ला मध्य रेल्वेत गेली, पण ठसा मारायला काय लागतं, आजही मारता येतो. ठशापेक्षा झीज बघा. आतलं रंगीत काचांचं फिरकं जिथे घासतं तिथे ओरखडे नसतील तर तो दिवा कुठल्याच गार्डाने धरलेला नाही.

वाड्यातली_सून:
बल्ब घालणं म्हणजे पाप असं जे चाललंय ते मला हास्यास्पद वाटतं. आमच्या सासरच्या वाड्यात काचेच्या हंड्या आहेत, मूळ त्यात खाली पाणी, वर तेल आणि वात अशी सोय होती. वीज आल्यावर आजेसासऱ्यांनीच सगळ्यांत बल्ब सोडले. म्हणजे जुन्या दिव्यात बल्ब घालणं हीसुद्धा आता जुनीच रीत झाली की! फक्त भोक पाडू नका. टाकीला ड्रिल लावलं की किंमत गेली आणि उद्या पेटवायचं म्हटलं तरी गळणार. चार्जिंगचा चपटा दिवा मिळतो, काच वर उचलायची, बर्नरवर ठेवायचा, झालं. मनात आलं की काढून टाका.

ठाण्याचा_शेजारी:
हे जमण्यासारखं आहे. पण हौसेच्या भरात कुणी गॅसबत्ती घरात पेटवू नका प्लीज, लग्नाच्या वरातीत ठीक होती. तिच्या मेंटलमध्ये, म्हणजे पेटून उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीत, थोरियम हा किरणोत्सारी धातू असायचा, जुनं मेंटल हाताने चुरगाळू नका, पूड नाकात जाते.

एडिसन_मधला:
मी दिवाळीला येतोय, न्यू जर्सीत आमच्याकडे असल्या कंदिलाला फार मागणी आहे. दोन-चार बॅगेत टाकून आणले तर?

दारूखाना_रिटर्न:
सांभाळून. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही. कंदील तेवढा जुना नसेल तरी कस्टमवाल्याला ते कसं पटवणार? पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो, तो आधी घ्या. आणि काच काढून हातातल्या बॅगेत, टाकी धुऊन वाळवून. रॉकेलच्या वासाची वस्तू विमानात कोण घेईल.

सातारी_तर्री:
अपडेट देतो. स्प्रे रद्द. खोबरेल तेल लावलं, ठसा छान वर आला, 'प्र' पूर्ण दिसतो आता. काच मूळची नाही हे मात्र कळलं, फिरोजाबादची नवी असावी, खालची कड बसत नाही नीट, खुळखुळते. हॉलमध्ये नाही, बाल्कनीत टांगलाय. आत चपटा दिवा ठेवायला बायकोला परवानगी दिली (म्हणजे तिने मला दिली). शनिवारी एकदा खरा पेटवणार, अर्धा लिटर रॉकेल एकाने कबूल केलंय.

काळी_काच:
पेटवा की. दुसऱ्या दिवशी काच कोण पुसणार ते ठरलंय का?

सातारी_तर्री:
मीच पुसणार होतो, आज ट्रायल घेतली, हात मनगटापाशी अडकतो. मुलीचा जातो आत, पण ती एका काचेचे पन्नास रुपये मागतेय.