मदत हवी आहे: नवा लॅपटॉप घ्यावा की रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला)?

मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय, बजेट बेताचंच आहे. घरचा जुना लॅपटॉप चार्जर काढला की लगेच बंद पडतो. परवा तिचा अर्धा लिहिलेला प्रोजेक्ट तसाच गेला, फार वाईट वाटलं.

एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) हवीच, हे पक्कं. अडलंय ते रॅमवर. बजेटमध्ये बसणाऱ्या नव्या मॉडेलमध्ये ८ जीबी रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आहे आणि जादा स्लॉट नाही, म्हणजे पुढे वाढवता येणार नाही. तेवढ्याच पैशांत १६ जीबीचा रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप मिळतोय. कीबोर्ड दणकट आहे, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ चालेल. पण बॅटरीची धास्ती वाटते.

असा घेऊन कोणी दोन-तीन वर्षं वापरलाय का? बॅटरी कितपत टिकली? घेताना समोर बसून काय काय तपासून घेऊ?